स्वभावाचा अभ्यास हेही करिअर आहे, आणि ते आपल्याकडेही घडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअर मार्गदर्शन पुरवणी मी लक्षपूर्वक वाचली. कला शाखेच्या पानावर मानसशास्त्राला या वेळी चांगली जागा मिळाली याचे समाधान वाटले. परंतु त्या लेखात मानसशास्त्र म्हणजे समुपदेशन आणि समुपदेशन म्हणजे शाळा किंवा रुग्णालय, एवढाच अर्थ घेतलेला दिसला. माणसांचे स्वभाव एकमेकांपासून नेमके कशात वेगळे असतात, हा वेगळेपणा मोजता येतो का आणि मोजलाच तर त्या मोजमापावर कितपत विसंबावे, या प्रश्नांवर संपूर्ण आयुष्य वेचणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची मोठी परंपरा आहे. तिचा साधा उल्लेखही तेथे नाही. मी सातारा जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मानसशास्त्र शिकवले आहे आणि निवृत्तीनंतरही प्रवेशाच्या दिवसांत पालक व विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून ही उणीव मला दरवर्षी अधिक जाणवते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत मुलांचा ‘कल’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ सांगणारी केंद्रे आता बरीच झाली आहेत. त्यांतील काही ठिकाणी प्रशिक्षित माणसे जबाबदारीने काम करतात, हे मी आधीच नमूद करते. परंतु अनेक पालक माझ्यासमोर जे रंगीत, जाडजूड अहवाल ठेवतात, त्यांतले बरेचसे बोटांच्या ठशांवरून तयार केलेले असतात. ठसे गर्भावस्थेत तयार होतात, मेंदूही त्याच काळात घडतो, म्हणून ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव आणि योग्य व्यवसाय ओळखता येतो, असा हा दावा आहे. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अशा चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितलेले आहे. तरीही काही हजार रुपये मोजून शेतकरी कुटुंबांतले लोक हे अहवाल घेतात, कारण त्यांच्यासमोर दुसरे काही ठेवलेलेच नसते. एका मुलीच्या अहवालात तिच्यातील चिकाटी टक्केवारीत, दशांश चिन्हासह छापली होती आणि त्या आकड्याच्या आधारे तिने विज्ञान शाखेला जाऊ नये असे लिहिले होते. तो आकडा कोणाशी तुलना करून काढला, त्यात चूक किती असू शकते आणि तो पूर्वी कोणाच्या बाबतीत खरा ठरला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात नव्हते. हे तीन प्रश्न विचारायला शिकणे हाच व्यक्तिमत्त्वाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया आहे, आणि ते विचारणारी माणसे आपल्या भागात तयार झाली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

असा अभ्यास करणाऱ्याचे करिअर प्रत्यक्षात कसे असते, हे सांगण्यासाठी मी लुइस गोल्डबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे उदाहरण घेते. त्यांचा जन्म १९३२ चा. मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर ते ऑरेगन राज्यातील युजीन या गावी गेले आणि तेथील विद्यापीठ व ऑरेगन रिसर्च इन्स्टिट्यूट येथे त्यांनी आपले आयुष्यभराचे काम केले. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनसारख्या महानगरात राहूनच असे संशोधन होते, हा समज त्यांच्या उदाहरणाने दूर व्हावा.

त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा विषय स्वभाव हा नव्हताच. तज्ज्ञांचा निर्णय कितपत खरा असतो, हा होता. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधात आकृत्या काढून घेण्याच्या एका प्रचलित चाचणीवरून रुग्णाच्या मेंदूला इजा झाली आहे की नाही, हे ओळखण्यास सांगितले होते. ओळखणाऱ्यांत अनुभवी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ होते, शिकाऊ उमेदवार होते आणि ज्यांना या विषयाचे कोणतेही शिक्षण नव्हते अशा, रुग्णालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या महिलाही होत्या. तिन्ही गटांच्या अचूकतेत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. स्वतःच्या व्यवसायाबद्दल असा निष्कर्ष छापणे तरुण संशोधकासाठी सोपे नसते. पुढे १९७० साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. २९ मानसशास्त्रज्ञांनी ८६१ रुग्णांच्या चाचणीचे गुण पाहून केलेली निदाने त्यांनी घेतली आणि प्रत्येक तज्ज्ञ कोणत्या गुणाला किती महत्त्व देतो याचे साधे गणिती सूत्र तयार केले. त्या तज्ज्ञाच्याच निर्णयांवरून बनवलेले ते सूत्र सर्वसाधारणपणे खुद्द त्या तज्ज्ञापेक्षा थोडे अधिक अचूक ठरले. माणूस थकतो, त्याचे लक्ष विचलित होते, कालच्या रुग्णाचा परिणाम आजच्या रुग्णावर होतो. सूत्र मात्र प्रत्येक वेळी सारखेच वागते. अनुभवाच्या जोरावर ‘मी चेहरा पाहून माणूस ओळखतो’ असे म्हणणाऱ्या आपल्या समाजात हे दोन निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने वाचावेत असे मला वाटते.

यानंतर गोल्डबर्ग स्वभावाच्या शब्दांकडे वळले. ही वाट त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती. माणसाच्या वागण्यातले जे फरक लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे वाटतात, त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतात, म्हणून शब्दकोश हा स्वभावाच्या अभ्यासाचा चांगला आरंभ ठरतो, असा यामागचा विचार आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये इंग्रजीतील असे सुमारे हजार शब्द असल्याचा अंदाज दिला होता. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये मोठा इंग्रजी शब्दकोश पानोपान चाळून १७,९५३ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रेमंड कॅटेल यांनी ती छाटून, घटक-विश्लेषण या, एकमेकांसोबत आढळणारे गुणविशेष एका गटात आणणाऱ्या सांख्यिकी तंत्राने सोळा घटक मांडले. त्यांची प्रश्नावली १९४९ साली आली. पुढे १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले आणि १९६३ मध्ये वॉरेन नॉर्मन यांनी त्याला दुजोरा दिला. गोल्डबर्ग यांनी हे सारे काम अधिक मोठ्या शब्दसंग्रहांवर, वेगवेगळ्या पद्धतींनी तपासून पाहिले. त्या पाच घटकांना ‘बिग फाइव्ह’ हे आज जगभर रूढ असलेले नाव त्यांनी १९८१ साली दिले. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि बौद्धिक कुतूहल किंवा नवेपणाची ओढ, असे हे पाच घटक आपल्या भाषेत सांगता येतील. यांत माणसांचे पाच ‘प्रकार’ सांगितलेले नाहीत, याकडे मी विद्यार्थ्यांचे नेहमी लक्ष वेधते. प्रत्येक माणूस प्रत्येक घटकावर कमी-अधिक कोठेतरी असतो आणि बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. ‘तुमचा मुलगा अंतर्मुख आहे’ असा शिक्का मारणारा अहवाल येथेच चुकतो.

परंतु मला गोल्डबर्ग यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती याच्या पुढची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक नावाजलेल्या व्यक्तिमत्त्व चाचण्या प्रकाशक कंपन्यांच्या मालकीच्या होत्या. प्रश्न वापरायचे तर परवानगी आणि पैसे लागत, एखादे विधान बदलून पाहायचे तर तेही करता येत नसे. गोल्डबर्ग यांचे म्हणणे असे होते की ज्या साधनाची मोकळेपणाने चिरफाड करता येत नाही, ते साधन सुधारतही नाही. म्हणून त्यांनी १९९० च्या दशकात ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ या नावाने छोट्या छोट्या विधानांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात आज तीन हजारांहून अधिक विधाने आहेत. ती कोणीही, कोणत्याही देशात, पैसे न देता आणि परवानगी न मागता वापरू शकतो, भाषांतरित करू शकतो, बदलू शकतो. या विधानांची पारख करण्यासाठी त्यांनी युजीन आणि शेजारच्या स्प्रिंगफील्ड या गावांतील सुमारे हजार प्रौढ स्त्री-पुरुषांचा गट १९९३ पासून हाताशी धरला आणि दहा वर्षे त्यांना वेगवेगळ्या प्रश्नावल्या टपालाने पाठवून माहिती जमवली. मध्यम आकाराच्या दोन शेजारी गावांतील सामान्य नागरिकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवर जगभरातले संशोधक आजही विसंबतात. सांगली आणि मिरज ही दोन गावेही अशीच एकमेकांना लागून आहेत, हे मी मुद्दाम लक्षात आणून देते.

हवाई बेटांवरील अभ्यासही आपल्या शिक्षकांना ठाऊक असायला हवा. तेथे जॉन डिगमन यांनी १९५९ ते १९६७ या काळात प्राथमिक शाळांतील शिक्षकांकडून आपापल्या वर्गातील मुलांच्या स्वभावाचे पद्धतशीर मूल्यमापन करून घेतले होते. मूल किती नेटाने काम पुरे करते, किती अस्वस्थ असते, इतरांशी कसे वागते, अशा गुणविशेषांवर शिक्षक मुलांचा क्रम लावत. ती मुले चाळिशीत-पन्नाशीत पोचल्यावर गोल्डबर्ग, सारा हॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा शोधून काढले आणि त्यांच्या वैद्यकीय तपासण्या केल्या. शाळेत असताना ज्यांच्या कर्तव्यदक्षतेला शिक्षकांनी कमी गुण दिले होते, त्यांची प्रकृती चार दशकांनंतर सरासरीने अधिक खालावलेली आढळली. हा संबंध सरासरीचा आहे आणि त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही. परंतु वर्गात रोज मुलांना पाहणाऱ्या शिक्षकाच्या निरीक्षणाला केवढे मोल असू शकते, हे त्यातून कळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात आहे आणि तिच्या शाळांचे जाळे राज्यभर पसरलेले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा तर वाडी-वस्तीवर आहेत. तेथील शिक्षकांच्या निरीक्षणांना शास्त्रीय शिस्त लावून, पालकांच्या संमतीने आणि मुलांची ओळख पूर्णपणे गुप्त ठेवून, असा दीर्घकालीन अभ्यास येथे उभा राहू शकतो. त्यासाठी लागणारी मोठी गोष्ट म्हणजे वीस-तीस वर्षे त्याच प्रश्नाला धरून राहणारा संशोधक.

हे क्षेत्र वादांपासून मुक्त आहे असे भासवणे चुकीचे होईल. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली या साऱ्या विचारावरच कठोर टीका केली. प्रश्नावलीत मोजलेला गुणविशेष आणि प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगातील वागणे यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) क्वचितच ०.३० च्या वर जातो, मग माणसाचे वागणे स्वभावापेक्षा परिस्थितीवरच अधिक अवलंबून नाही का, असा त्यांचा सवाल होता. त्यावर दोन दशके वाद चालला. एका प्रसंगातले वागणे आणि अनेक प्रसंगांतले सरासरी वागणे यांत फरक करायला अभ्यासक त्यामुळेच शिकले आणि आज परिस्थिती व स्वभाव या दोहोंचा एकत्र विचार होतो. त्या टीकेने विषयाचे भलेच झाले, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. हान्स आयझेंक हे या क्षेत्रातील अत्यंत प्रभावी नाव. १९१६ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेले आणि नाझी राजवटीमुळे देश सोडून लंडनला आलेले आयझेंक यांनी बहिर्मुखता व भावनिक अस्थैर्य यांवर केलेले काम आपल्याकडील पदवीच्या अभ्यासक्रमात आजही शिकवले जाते. परंतु विशिष्ट स्वभावाच्या माणसांना कर्करोग किंवा हृदयविकार होतो, असे सांगणारे जे निबंध त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिले, त्यांची २०१९ साली किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि त्यांतील २६ निबंध विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष काढला. पुढे त्यांपैकी अनेक नियतकालिकांनी मागे घेतले. ‘मन मारून जगली म्हणून तिला हा आजार झाला’ असे रुग्णाच्या घरात बोलले जाते, तेव्हा आधीच खचलेल्या बाईवर दोषाचा भार पडतो. मोजमापातली हयगय अशी माणसाच्या अंगावर येते. विद्यार्थ्यांना आयझेंक शिकवताना हा भागही शिकवला गेला पाहिजे.

आता प्रश्न येतो तो आपल्या भाषेचा आणि आपल्या माणसांचा. पाच घटक सर्वत्र सारखेच सापडतात, हे गृहीत धरता येत नाही. बोलिव्हियातील चिमाने या शेती व शिकार करून राहणाऱ्या समाजातील ६३२ प्रौढांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे पाच घटक नीट उमटले नाहीत. इतरांशी जुळवून वागणे आणि कष्टाळूपणा, अशा दोन घटकांच्या आसपासच सारे गोळा झाले. त्याच वर्षी जितेंद्र सिंह, गिरीश्वर मिश्र आणि बूले डी राड यांनी हिंदीतील स्वभावविशेषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना मिळालेल्या तीन घटकांना त्यांनी राजसिक, सात्त्विक आणि तामसिक अशी नावे दिली. मराठीत तर तापट, मनमिळाऊ, हेकट, सोशिक, चिवट, धांदरट, भिडस्त, पोटात ठेवणारा, आतल्या गाठीचा असे शब्द आणि शब्दप्रयोग विपुल आहेत. ते गोळा करावेत, माण-खटावच्या दुष्काळी गावांतील, पाटणच्या डोंगरातील, वाळव्याच्या बागायती पट्ट्यातील आणि जतच्या कन्नड-मराठी सीमेवरील लोकांना स्वतःविषयी व परिचितांविषयी ते कितपत लागू पडतात असे विचारावे आणि त्या उत्तरांतून कोणते घटक निघतात ते पाहावे. हे काम डॉक्टरेटच्या एका प्रबंधात मावणारे नाही, पण सुरुवात एका प्रबंधानेच होईल.

गोल्डबर्ग यांच्या खुल्या संग्रहातील विधाने घेऊन मराठी प्रश्नावली तयार करणे, हा त्याहून जवळचा मार्ग आहे. तेथेही नुसत्या भाषांतराने भागत नाही. त्या संग्रहात उदारमतवादी उमेदवाराला मत देण्याविषयीचे एक विधान आहे. अमेरिकेत ते नव्या कल्पनांची ओढ दाखवते; आपल्या तालुक्यातील निवडणुकीत मतदान ज्या कारणांनी होते, ती पाहता येथे ते काहीच दाखवणार नाही. नकारार्थी विधानांना ‘असहमत’ म्हणायचे म्हणजे नेमके काय म्हणायचे, याचा ग्रामीण विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, हे मी वर्गात पाहिले आहे. सर किंवा मॅडम समोर उभ्या असतील तर मुले स्वतःला चांगले दाखवणारे उत्तर निवडतात. म्हणून विधान लिहायचे, ते दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ अर्थ टिकला का ते पाहायचे, मोजक्या लोकांना समोर बसवून ‘यातून तुम्हाला काय समजले’ असे विचारायचे, मग मोठ्या गटाला द्यायचे, काही आठवड्यांनी त्याच गटाला पुन्हा देऊन उत्तरांची स्थिरता तपासायची, आणि शेवटी वय, लिंग, ग्रामीण-शहरी अशा गटांनुसार मानके, म्हणजे ज्यांच्याशी एखाद्याचे गुण ताडून पाहायचे ते त्या गटाचे गुण, तयार करायची, असा हा क्रम आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतील मुलांच्या मानकांवर आटपाडीच्या मुलाला तोलणे अन्यायाचे आहे. स्थानिक मानके नसतील तर चाचणी कितीही प्रसिद्ध असो, तिच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

संशोधनाचे प्रश्नही आपल्या दारात उभे आहेत. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन स्थिरावले आहेत. एकाच घरातील एक भाऊ परमुलखात दुकान थाटतो आणि दुसरा गावी शेती पाहतो, यात परिस्थितीचा भाग किती आणि स्वभावाचा किती, हा जगातील कोणत्याही विद्यापीठात गंभीरपणे घेतला जाईल असा विषय आहे. भारतातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली आणि या जिल्ह्यातील असंख्य मुले लष्करात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहतात. सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या प्रक्रियेत मानसशास्त्रीय चाचण्यांना मोठे स्थान आहे. शब्द-साहचर्य चाचणीत साठ शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकासाठी पंधरा सेकंद देतात. चित्रांवरून गोष्टी लिहायच्या असतात, साठ प्रसंगांवर अर्ध्या तासात प्रतिक्रिया लिहायच्या असतात. तेथे जाणारी मुले याच्या तयार उत्तरांची पुस्तके पाठ करतात, परंतु त्या टेबलाच्या पलीकडे बसणारा मानसशास्त्रज्ञ होण्याचा विचार त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आल्याचे मला आढळले नाही. भारतात लष्करी निवडीसाठी शास्त्रीय पद्धतीचा प्रयोग १९४३ मध्ये डेहराडून येथे सुरू झाला आणि त्याच परंपरेतून पुढे डीआरडीओची मानसशास्त्रीय संशोधन संस्था दिल्लीत उभी राहिली. ज्या जिल्ह्याने सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली, त्याने ती माणसे निवडण्याच्या शास्त्रातही भर घालावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

उद्योगांतही या ज्ञानाचा उपयोग होतो. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखवले की पाच घटकांपैकी कर्तव्यदक्षतेचा कामाच्या दर्जाशी असलेला संबंध त्यांनी तपासलेल्या सर्व व्यवसायगटांत दिसतो. सातारा किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील मनुष्यबळ अधिकाऱ्याला हे ठाऊक असणे उपयुक्त आहे; तो संबंध माफक आहे आणि केवळ त्यावर कोणाला नोकरी नाकारू नये, हे ठाऊक असणे त्याहून उपयुक्त आहे.

या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला खरे चित्र सांगितले पाहिजे. कला किंवा विज्ञान शाखेतून मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट आणि पीएच.डी., असा हा दीर्घ मार्ग आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णांवर उपचार करायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक ठरते. संशोधकासाठी ती अट नाही, पण त्यामुळे त्याने रुग्ण तपासू नयेत, हेही तितकेच स्पष्ट असावे. सांख्यिकीला घाबरून चालणार नाही. गणित सुटावे म्हणून कला शाखा घेतलेल्या मुलांना मी हे पहिल्याच वर्षी सांगत आले आहे. घटक-विश्लेषणासाठी लागणारी ‘आर’ ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते आणि महाविद्यालयाच्या साध्या संगणकावर चालते. इंग्रजी वाचन हवे, आणि मराठी तर त्याहून चांगली हवी, कारण प्रश्न मराठीत लिहायचे आहेत. पीएच.डी. झाल्यावरही अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवावे लागते, ही वस्तुस्थिती लपवून कोणाला या विषयाकडे बोलावणे मला मान्य नाही. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरल्या गेल्या नाहीत तर गोल्डबर्ग यांच्यासारखी दीर्घ कारकीर्द येथे घडणार नाही, आणि याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत मानसशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. दरवर्षी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लघुप्रबंध लिहितात, प्रत्येक जण आपापल्या ओळखीतल्या थोड्या लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतो आणि ती माहिती कपाटात पडून राहते. याऐवजी सर्व महाविद्यालयांनी मिळून खुल्या संग्रहावर आधारित एकच मराठी प्रश्नावली ठरवावी, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील ठरलेल्या गटाकडून ती भरून घ्यावी आणि व्यक्तींची ओळख काढून टाकून ती माहिती एकत्र ठेवावी. काही वर्षांत मराठी भाषकांची मानके तयार होतील. वीस विधानांची एक छोटी प्रश्नावली त्या संग्रहातून इंग्रजीत आधीच तयार झालेली आहे. तिच्यापासून आरंभ केला तर पहिल्या वर्षीच काही हाती लागेल. यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागप्रमुखांची एक बैठक आणि कामाची शिस्त एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या अनेकांना त्यात विनामूल्य वेळ द्यायला आनंद वाटेल.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढील करिअर पुरवणीत व्यक्तिमत्त्व-संशोधन, चाचणी-निर्मिती आणि निवड-मानसशास्त्र या वाटांवर त्या त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून लेख लिहून घ्यावेत. आणि बोटांच्या ठशांवरून मुलांचे भविष्य सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती स्वीकारताना जाहिरातदाराला तीनच गोष्टी लेखी विचाराव्यात : चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास तेच उत्तर येते का) किती, यथार्थतेचा (जे मोजायचे तेच ती मोजते याचा) पुरावा कोठे प्रसिद्ध झाला आहे, आणि मानके कोणत्या मुलांवरून काढली आहेत. उत्तर मिळाले तर ते जाहिरातीसोबत छापावे. न मिळाल्यास जाहिरात परत करावी.

कळावे,
आपली विश्वासू,
मानसशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा